सहा म्हणजे नक्की किती वाजता?

मागच्या अंकात मी तुम्हाला एवढंच विचारलं होतं की वेळेवरून घरात, ऑफिसात, पाहुण्यांत कुणाशी वाजलंय का, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की सगळं वाचायलाच मला आठवडा लागला. बऱ्याच जणांनी एक वाक्य हमखास लिहिलंय, "ताई, आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही, रक्तातच नाही." मला हे पटत नाही, का पटत नाही ते उत्तरांत येईलच. पाच पत्रं घेतली आहेत, नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी चार वर्षं म्युनिकला आहे, आयटीत. गेल्या वर्षी घरी दीड दिवसाचा गणपती बसवला आणि आरतीला ऑफिसमधल्या एका जर्मन कलीगला, त्याच्या बायकोला आणि आपल्या सात-आठ मराठी फॅमिलीजना बोलावलं, सगळ्यांना सेम मेसेज, संध्याकाळी सहा. जर्मन जोडपं सहाला दोन कमी असताना बिल्डिंगखाली उभं होतं आणि बरोबर सहाला बेल वाजली, तेव्हा माझे हात मोदकाच्या उकडीत आणि बायको साडी नेसत होती. आपली मंडळी सव्वासातपासून यायला लागली, आरती पावणेआठला, तोवर ती दोघं सोफ्यावर चिवडा खात बसलेली. मला फार लाज वाटली. बायको म्हणते त्यात लाज कसली, घरचं कार्य आहे, ऑफिस नाही. यंदा जर्मन लोकांना सात सांगू आणि आपल्यांना पाच सांगू का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : दोन वेळा अजिबात देऊ नका. आपल्यांना पाच सांगितलं की यंदा ती साडेसहाला येतील, पण पुढच्या वर्षी सगळ्यांना कळलेलं असेल की याचे पाच म्हणजे सात, मग आठला येतील, आणि मधल्यामधे हाल कुणाचे तर बाळाला लवकर झोपवायचं म्हणून जे एखादं घर खरंच पाचला पोचतं त्यांचे.

तुमच्या बायकोचं अर्धं म्हणणं मला पटतं. आपल्याकडे घरगुती कार्यक्रमाला सहा म्हणजे सहापासून पुढे, अगदी ठोक्याला गेलं तर घरच्यांची धांदल होते म्हणून माणसं मुद्दाम दहा-पंधरा मिनिटं गल्लीत रेंगाळून मग बेल वाजवतात, आणि ते त्या घराचा विचार करूनच करतात. पण दीड तास म्हणजे रेंगाळणं नव्हे, तो खोळंबा. म्हणजे सहाला आलेले चुकले नाहीत, साडेसहाला कुणी आलं असतं तर तेही चुकलं नसतं, फक्त तुमच्या मेसेजमधला सहा कुठला हे कुणाला कळलं नाही. असा घोळ आपल्या मुंबईने तर वर्षानुवर्षं काढलाय. १ जानेवारी १९०६ला देशाला एक स्टँडर्ड टाइम लागू झाला, पण मुंबईचं स्वतःचं घड्याळ त्याच्या ३९ मिनिटं मागे होतं आणि नवं घड्याळ लोकांना वरून लादलेलं वाटलं, म्हणून शहरात मुंबई टाइम १९५५पर्यंत चालूच राहिला. अशा गावात कुणाला भेटायला बोलवायचं तर कुठल्या घड्याळाने ते आधी सांगावंच लागणार.

तुमचे जर्मनसुद्धा तेच करतात. त्यांच्या विद्यापीठांत लेक्चरच्या वेळेपुढे 'सी.टी.' लिहिलं असेल तर दहाचं लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, आणि 'एस.टी.' लिहिलं असेल तर ठोक्याला दहा. पाव तासाची सूट त्यांनाही लागते, ती ते लिहून घेतात एवढंच. आणि रक्ताबिक्ताचं म्हणाल तर २०२४मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेत पोचल्या, त्यात सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत, तुम्ही तर हे रोज स्टेशनवर बघत असाल.

तर यंदा मेसेजमध्ये लिहा, "सहा ते साडेसहा या, आरती सातला, मग जेवण." आणि सातला निरांजन पेटवून 'सुखकर्ता' सुरू करा, तेव्हा घरात चारच माणसं असली तरी चालेल. पहिल्या वर्षी दोन-तीन घरांची आरती हुकेल, त्यांना प्रसाद द्या, प्रेमाने जेवायला वाढा, एक शब्द बोलू नका, पुढच्या वर्षी ती येतात की नाही बघा. त्या जोडप्याला मात्र फोन करून सांगा की लवकर या, मोदक वळायला शिकवतो. सोफ्यावर बसून चिवडा खाण्यापेक्षा ते त्यांना जास्त आवडेल.

प्रश्न : माझं माहेर साताऱ्याचं, लग्न होऊन फोंड्याला आले. इकडे दुपारी एक ते चार दुकानं बंद, त्या वेळात कुणाकडे जायचं नाही, फोनसुद्धा करायचा नाही. माझे वडील राहायला आले होते, ते दुपारी तीनला शेजारच्या घरी सहज गप्पा मारायला गेले आणि शेजारीण जरा तुटकच वागली. वडिलांना राग आला, म्हणतात गोव्याची माणसं आळशी, सगळं सुशेगाद. मी मधल्यामधे अडकलेय.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : अगं, एकला बंद होणारं दुकान चारला उघडतं ना? मग आळस कुठला, ती तर वेळ पाळणारी माणसं झाली. सकाळी लवकर उठून मासळी आणायची, उन्हाच्या आत कामं उरकायची, दुपारी पडायचं आणि संध्याकाळी परत उभं राहायचं, दमट हवेच्या मुलखात ही दिवसाची मांडणी शहाणपणाची आहे. सुशेगाद हा शब्द पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आलाय, त्याचा अर्थ शांत, निवांत. आळशी असा अर्थ बाहेरच्यांनी चिकटवला. दुपारी दुकान बंद ठेवणारे आपल्या पुण्यातही आहेतच की. वडिलांना हळूच सांग की त्यांनी एका झोपलेल्या घराची बेल वाजवली. पुढच्या वेळी पाचला जाऊ देत, बरोबर साताऱ्याचे कंदी पेढे, शेजारीण चहाला बसवून घेईल.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते, दादरला एका खासगी क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. नऊला पंच करायचा, नऊ दहा झाले की लेट मार्क, आणि तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाचा पगार कट. मी ७:५३ची फास्ट पकडते. जुलैत पाऊस आणि सिग्नल फेल, महिन्यात सहा लेट मार्क, पूर्ण एका दिवसाचा पगार गेला. आणि डॉक्टर, ज्यांच्या अपॉइंटमेंट आम्ही साडेनऊपासून देतो, ते अकराला येतात, पेशंट ओरडतात ते माझ्यावर. परवा एक आजोबा उपाशीपोटी तपासणीसाठी आलेले, दोन तास बसून त्यांना चक्कर आली. वेळेवर यायचं ते फक्त मीच का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुझं पत्र मी चारदा वाचलं. मी स्वतः पंधरा वर्षं ठाण्याहून अप-डाऊन केलंय, त्यामुळे ७:५३ म्हणजे काय ते मला सांगायला नको. घरातून सात सदतीसला निघायचं, ब्रिजच्या पायऱ्या चढताना इंडिकेटर दिसायच्या आधीच गर्दीवरून कळतं गाडी लागलीय की नाही, लेडीज डबा कुठे थांबतो तिथे फरशीवर बरोबर पाय ठेवून उभं राहायचं, गाडी थांबते अर्धा मिनिट आणि तेवढ्यात पन्नास बाया चढतात. माझ्या ग्रुपमधली एक जण परतीच्या गाडीत गवार मोडत यायची, घरी पोचेपर्यंत पिशवी तयार, म्हणजे पोराच्या अभ्यासाला वीस मिनिटं मिळायची. या बायांना वेळेची किंमत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हाच प्रदेश आहे जिथे १६ एप्रिल १८५३ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, हेच शहर आहे जिथे १८९०पासून डबेवाला दारात येतो आणि डबा भरलेला नसेल तर थांबू शकत नाही कारण त्याची गाडी थांबणार नाही. जिथे आपल्यासाठी कुणी थांबणार नसतं तिथे आपली माणसं सेकंदावर पोचतात. उशीर होतो तो जिथे समोरच्याला थांबवून ठेवता येतं तिथे. डॉक्टर अकराला येऊ शकतात कारण आजोबा उठून जाऊ शकत नाहीत. तू नऊ दहाला येऊ शकत नाहीस कारण तुझा पगार त्यांच्या हातात आहे. उशीर असा वरून खाली येतो आणि सगळ्यात खालच्याच्या पगारातून कापला जातो.

आता करायचं काय ते सांगते. पहिलं, गैरहजेरीची कपात ही जितका वेळ गैरहजर तितक्याच प्रमाणात हवी असं १९३६च्या वेतन कायद्यात होतं आणि २०१९च्या वेतन संहितेतही तेच आलंय. पंधरा मिनिटांच्या तीन उशिरांचा पाऊण तास होतो, त्याला अर्धा दिवस कापणं या प्रमाणात बसत नाही. हे भांडायला म्हणून नको, लेखी विनंतीत शांतपणे लिही, एकटीने नको, लॅबच्या आणि साफसफाईच्या सगळ्यांच्या सह्या घे. दुसरं, एक छोटी वही कर, तारीख, गाडी, किती लेट, रोज एक ओळ. जपानमध्ये गाडी पाचेक मिनिटं जरी लेट झाली तरी रेल्वेच तसा दाखला देते आणि तो ऑफिसात चालतो, आपल्याकडे तुझी वही हाच दाखला. विनंतीत एवढंच मागा की महिन्याला काही मिनिटांची सूट मिळावी आणि तेवढा वेळ संध्याकाळी भरून द्यायची आमची तयारी आहे.

आणि तिसरं, पगाराइतकंच महत्त्वाचं, डॉक्टरांशी बोल. चिडून नको, "सर, त्या दिवशी आजोबांना चक्कर आली" इथून सुरुवात कर. त्यांना सकाळी हॉस्पिटलचा राउंड असेल, अडचण खरी असेल, मग अपॉइंटमेंट अकरापासूनच द्यायच्या. तेही जमत नसेल तर तुला एवढी परवानगी मागून घे की सर निघाले की तुला मेसेज करतील आणि तू पेशंटना फोन करून खरी वेळ सांगशील. उपाशी येणाऱ्यांचं रक्त मात्र आल्या आल्या काढून घ्यायचं आणि त्यांना खायला पाठवायचं, त्याला डॉक्टरांची वाट बघायची गरजच नसते.

प्रश्न : मी हिंजवडीत एका कंपनीत टीम लीड आहे. रोज दहाला स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्या छोटी मीटिंग, टीम बारा जणांची, पण चार-पाच जण दहा वीसला उगवतात आणि सगळे त्यांच्यासाठी थांबतात. ट्रॅफिक आहे मान्य, पण रोज? वरून मला सांगतात स्ट्रिक्ट हो. अडचण अशी की हेच लोक रात्री नऊपर्यंत अमेरिकेच्या कॉलला बसलेले असतात, त्यांना बोलायला माझी जीभ रेटत नाही. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जीभ रेटत नाही हे चांगलं लक्षण आहे. आधी हिशोब करा, वेळेवर आलेल्या सात-आठ जणांची वीस मिनिटं म्हणजे रोज अडीच तासांच्या आसपास, म्हणजे एका माणसाचा जवळजवळ एक तृतीयांश दिवस तुम्ही वाट बघण्यात घालवताय, आणि जे सात-आठ जण सकाळी साडेआठला घर सोडून वेळेवर पोचतात त्यांचा त्यात काही दोष नसताना. तर थांबणं बंद करा. दहाला जेवढे असतील तेवढ्यांत सुरू, दहा पंधराला संपवा, उशिरा आलेल्याला परत सांगायचं नाही, त्याने सहकाऱ्याला विचारून घ्यावं. ट्रॅफिकमुळे दहा खरंच जमत नसेल तर सगळ्यांनी मिळून साडेदहा ठरवा, त्यात कमीपणा काही नाही.

पण हे तुम्ही सकाळचंच कराल तर मला ते चालणार नाही. गिरणीच्या भोंग्याने आपल्या लोकांना वेळेवर यायला शिकवलं असं सगळे सांगतात, वेळेवर सुटायला कुणी शिकवलं ते सांगत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं आणि आठवड्याची सुट्टी नव्हती. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या, रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. आज तुमची टीम जो रविवार घेते तो तिथून आलाय. त्यामुळे वरच्यांना जाऊन सांगा की दहाचा स्टँडअप मी दहाला करून दाखवतो, बदल्यात रात्रीचे कॉल पाळीने, प्रत्येकाला आठवड्यातून एक-दोनच रात्री, आणि ज्याचा नऊचा कॉल असेल तो दुसऱ्या दिवशी बाराला आला तरी त्याला कुणी लेट म्हणायचं नाही. हे बोलायची हिंमत टीम लीडनेच करायची असते हो, बारा जणांतला एकटा कुणी बोलू शकत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मी शेतकरी आहे, कराडजवळचं गाव. वैशाखात थोरल्या मुलीचं लग्न केलं. मुहूर्त १२:३५चा. बारा पंचवीसला नवरा-नवरी स्टेजवर, हजार-बाराशे माणूस मांडवात, आणि माइकवाला म्हणाला साहेब पाच मिनिटांत पोचतायत. साहेब आले पावणेदोनला. मग सत्कार, मग आशीर्वादाची भाषणं, अक्षता पडल्या सव्वादोनला. उन्हात म्हातारी माणसं, माझी आई शुगरची, ती मांडवातच गळाठली, तिला लिंबूपाणी देऊन झोपवली आणि नातीच्या अक्षता तिने बघितल्या नाहीत. आता तुळशीच्या लग्नानंतर धाकटीचं आहे. यंदा थांबायचं नाही असं मी ठरवलंय, पण भावकी म्हणते मोठ्या माणसाचा अपमान होईल, पुढं काम पडतं. काय करावं?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : दादा, तुमच्या आईचं वाचून मला माझ्या आत्याचं लग्न आठवलं. आमच्या वाड्यात झालं होतं, मी सात-आठ वर्षांची. गुरुजींनी मोठ्या घंगाळात पाणी भरून त्यावर तांब्याची एक वाटी सोडली होती, तळाला बारीक भोक असलेली. भोकातून पाणी वर येत येत वाटी भरते आणि बुडते, बुडायला २४ मिनिटं लागतात, म्हणजे एक घटिका. बुडाली की काढायची, रिकामी करायची, परत सोडायची, आणि ती बुडाली हे ओरडून सांगायचं काम माझ्याकडे दिलेलं. मी जागची हलले नाही. शेवटची वाटी भरत आली तेव्हा मंगलाष्टकं चालू होती, कड पाण्याला टेकली, वाटी एकदम आत गेली आणि मी ओरडले, अंतरपाट निघाला. गावचे एक मोठे बागाईतदार त्यानंतर आले. आजोबा हात जोडून पुढे गेले, त्यांनी वधूवरांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या पंगतीला जेवून गेले. अपमान झाला असं तेही म्हणाले नाहीत, भावकीही म्हणाली नाही. पत्रिकेत मुहूर्त मिनिटासकट छापायचा, मग माइकवरून 'शुभमंगल सावधान' म्हणायला साहेबांच्या गाडीची वाट बघायची, हे माझ्या आजोबांना समजलंच नसतं.

मला पुढारी माणसांचंही थोडं कळतं. लग्नसराईत एका दिवसात दहा-पंधरा लग्नं असतात, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हाताला धरून बसवतं, ते वेळेवर पोचणार तरी कसे. म्हणून आमंत्रण द्यायला तुम्ही स्वतः जा, व्याह्यांना बरोबर घ्या, आणि तोंडावर सांगा की साहेब, अक्षता १२:३५ला पडणार, तुम्ही अकराला आलात तर हळदीच्या अंगाने पोरीला आशीर्वाद द्या, दोनला आलात तर जोडीला, जेवायला मात्र थांबायचं. एवढं आदराने आधी सांगितलं तर कुठलाही शहाणा माणूस राग धरत नाही. उलट त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

व्याह्यांशीही आधीच बोला कारण उशीर एकट्या साहेबांमुळे होत नाही, डीजेपुढची मिरवणूक कार्यालयाच्या दारात तासभर घुटमळते. मिरवणूक अकराला निघायची हे सुपारीच्या वेळीच ठरवा. आणि माइक. दादा, माइक ज्याच्या हातात त्याच्या हातात लग्न, हे लक्षात ठेवा, तो भाड्याच्या निवेदकाकडे देऊ नका, तुमच्या मेहुण्याकडे किंवा गावातल्या एखाद्या शिक्षकाकडे द्या, ज्याला "थांबू या" म्हणता येणार नाही असा माणूस बघा. भाषणं अजिबात नकोत असं नाही, पण ती अक्षता पडल्यावर, पंगती चालू असताना. गुरुजींना सांगून ठेवा की बारा पंचवीसला मंगलाष्टकं सुरू करायची आणि कुणाच्या खुणेकडे बघायचं नाही.

आईंना मात्र सव्वाअकरालाच जेवायला वाढा, आणि त्यांच्या वयाच्या सगळ्यांना त्यांच्याबरोबर. नातीच्या लग्नात अक्षतांच्या आधी कसं जेवायचं असं त्या म्हणतील, तर तुम्ही स्वतः शेजारी बसून चार घास भरवा. पंख्याखालची, स्टेजसमोरची पहिली खुर्ची त्यांची. पुढाऱ्यांसाठी म्हणून जो सोफा मांडतात ना, तिथेच बसवा त्यांना.